माणूस असल्याची खात्री झाली नाही

"महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला किती भाज्या करतात?"

संगणकाच्या पडद्यावर प्रश्न होता. खाली उत्तराची रिकामी चौकट. माझ्या पाठीमागं अख्खं ऑफिस उभं होतं. सर, ऋतुजा मॅडम, डिझाइनचं काम करणारे दोघं, आणि चहाचे रिकामे ग्लास न्यायला आलेले काका. सर म्हणाले, "टेस्ट तू कर. फॉर्म तू बनवलायस, पहिला मान तुझा."

मला उत्तर माहीत नव्हतं, प्रश्न आणि उत्तरं ऋतुजा मॅडमनी भरली होती. पाच असतील असं वाटलं. पाच लिहिलं आणि बटण दाबलं.

लाल अक्षरं आली. "तुम्ही माणूस असल्याची खात्री झाली नाही. पुन्हा प्रयत्न करा."

ते वाक्य मीच टाईप केलं होतं, आदल्या दिवशी, सरांनी सांगितलं तसं. दुसऱ्यांदा मी सात लिहिलं. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा नऊ. पुन्हा लाल.

"अरे, ही तर रोबोट निघाली!" सर म्हणाले.

हशा पिकला. ऋतुजा मॅडम खुर्चीला धरून हसत होत्या. सरांनी हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाले, "कसं काय गं? माणसाच्या घरात वाढलेल्या कुणालाही येतं हे."

माणसाच्या घरात वाढलेल्या.

आणि मी हसले. हे लिहायला सगळ्यात जड जातंय, पण लिहिते. त्यांच्याबरोबर मीसुद्धा हसले. दात काढून. म्हणाले, "सर, मला स्वयंपाकातलं काही कळतच नाही." म्हणजे त्यांनी केलेला अपमान मीच पदरचं खोटं घालून हसण्यावारी नेला. त्यांना तेवढीसुद्धा तसदी पडू दिली नाही. सगळे आपापल्या जागी गेले आणि मी पुढचं काम करायला लागले.

आमच्या घरात आजोबांच्या काळापासून देव्हारा नाही. महालक्ष्म्या नाहीत, सत्यनारायण नाही. ते आम्ही सोडलं. हरवलं नाही, विसरलो नाही, विचार करून सोडलं. एवढं साधं वाक्य मला त्या दिवशी बोलता आलं नाही. चार वर्षं त्या ऑफिसात होते मी. गुलमंडीच्या मागं, कापडाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. सर नेहमी म्हणायचे, आमच्याकडं जातबित काही नाही बरं. खरंच होतं. कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. न सांगण्यावरच तिथली माझी खुर्ची टिकून होती.

आता फॉर्मचं सांगते.

पैठण रोडला मुलींना नर्सिंग शिकवणारी एक संस्था आहे. राहणं, जेवण, शिक्षण, सगळं फुकट. बारावी झालेल्या गरीब घरातल्या पोरीला याहून मोठी गोष्ट कुठली? त्यांची वेबसाईट आमच्याकडं होती. प्रवेशासाठी आधी ऑनलाईन नाव नोंदवायचं, मग मार्कांवरून यादी लागायची. पण फॉर्म उघडला की रोज शेकड्यानं खोट्या नोंदी यायच्या. माणसं नाहीत, कुठल्या तरी देशात चालणारे प्रोग्राम. जुगाराच्या जाहिराती, औषधांच्या जाहिराती, नाव म्हणून वाचता न येणारी अक्षरं. त्यातून खऱ्या मुली निवडून काढायचं काम माझ्याकडं होतं. ऑफिसात त्या नोंदींना कचरा म्हणायचे. मी सकाळी दारातून आत पाय टाकला की सर विचारायचे, "कचरा काढलास का?" माझी माय लोकांच्या घरची धुणीभांडी करते. पोरगी शिकली, आता तिला असलं काम नको, असं ती गल्लीभर सांगायची. मी काय काढते ते मी तिला कधी सांगितलं नाही.

तर हा कचरा थांबावा म्हणून आधी आम्ही नेहमीचा कॅपचा लावला. "मी रोबोट नाही" म्हणून खूण करायची आणि मग चित्रं ओळखायची. आमच्या शेजारची आम्रपाली तो फॉर्म भरायला मोबाईल घेऊन माझ्याकडं आली होती. ही पोरगी मी अंगाखांद्यावर खेळवलेली. बाप नाही, आई वाळूजला कंपनीत पॅकिंगला जाते. बारावी सायन्सला वस्तीत पहिली आली आणि चौथीपासून एकच धोशा, नर्स व्हायचं. चित्रांत पाण्याचे नळ ओळखा असं होतं. अमेरिकेतले आग विझवायचे लाल खांब.

"ताई, ह्यात नळ कुठाय?"

"तो लाल खांब आहे ना, तोच."

"हा नळ हाय? मंग ह्याला पाणी कधी येतं?"

आमच्या वस्तीत नळाला आठ आठ दिवस पाणी नसतं. आम्ही दोघी हसलो. पण तेवढ्यात वेळ संपली, चित्रं बदलली, आता झेब्रा क्रॉसिंग ओळखा. मग बस. मग पुन्हा नळ. स्वस्तातला मोबाईल, रेंज एक काडी. फॉर्म गेलाच नाही.

अशा तक्रारी संस्थेकडं लई गेल्या. तेव्हा सरांना कल्पना सुचली. "आपल्या लोकांना ही विदेशी चित्रं कशाला? आपण मराठीत प्रश्न विचारू. आपल्या माणसाला झटकन येणारे. जगातल्या कुठल्या रोबोटच्या बापाला येणार नाहीत असे." कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणते. प्रश्न ऋतुजा मॅडमनी काढले, दहा. कोजागिरीला काय आटवतात, हा एक त्यातल्या त्यात सोपा, दूध म्हटलं की झालं. बाकी सगळे सत्यनारायण, हरतालिका, मुंज, घट आणि महालक्ष्म्या. फॉर्म उघडला की दहातला एक प्रश्न समोर यायचा. कुणाला कुठला येईल ते नशिबावर. आपली माणसं म्हणजे कोण, हे त्या दहा प्रश्नांनी ठरवून टाकलं होतं. सरांना आणि मॅडमना ते ठरवल्यासारखं वाटलंसुद्धा नाही. मुद्दाम केलं असतं तर मला भांडायला सोपं गेलं असतं.

त्या टेस्टच्या दिवशी संध्याकाळी मी घरी मायला विचारलं. ती पीठ मळत होती.

"माय, महालक्ष्म्यांना किती भाज्या करतात गं?"

"सोळा," ती मान वर न करता म्हणाली.

मी चकित झाले. "तुला कसं ठाऊक?"

"सोळा भाज्याची सोळा पातेली. कोण घासतं?" तिनं कणकेला पाणी लावलं. "त्या दिशी आत नाय घेत. मागल्या दारी टाकतात भांडे. कोरडी झाली की बाई येऊन नेती, पुन्हा आपल्या हातानं पाणी मारून."

म्हणजे उत्तर आमच्या घरात होतं. सोळा पातेल्यांच्या करपलेल्या बुडांवरून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी नवीन हुकूम काढला. उत्तर चुकलं तर लाल अक्षरं दाखवायची नाहीत. का, तर चुकलं हे कळलं की ते प्रोग्राम पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. त्यांना गाफील ठेवायचं. उत्तर चूक असलं तरी पडद्यावर "धन्यवाद! तुमची नोंदणी झाली आहे" असं दाखवायचं आणि नोंद गुपचूप संगणकातल्या कचऱ्याच्या पेटीत टाकायची. आमच्या धंद्यात ही पद्धत चालते, सरांनी शोधलेली नाही.

मी विचारलं, "सर, आणि खरा माणूस चुकला तर?"

"माणूस कशाला चुकेल?" सर म्हणाले.

समोर मी बसले होते. कालच तीन वेळा चुकलेली. त्यांच्या ते लक्षातसुद्धा नव्हतं. आणि मी काय केलं? मान हलवली आणि तसा प्रोग्राम लिहून दिला. अर्ध्या तासाचं काम. नीट केलं, एक चूक नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. तो दांडा मी.

त्याहून वाईट पुढं आहे.

फॉर्म पुन्हा उघडला तेव्हा मीच वस्तीत दारोदार फिरले. आमची गल्ली, मागची गल्ली, रस्त्यापलीकडचा मोहल्ला. पोरींनो, नर्सिंगचा फॉर्म भरा, मुदत थोडी आहे, आता चित्रं नाहीत, सोपं केलंय. सोपं केलंय म्हणाले मी. एकीलाही सांगितलं नाही की शेवटी एक प्रश्न येईल, आणि त्याचं उत्तर चुकलं तर तुम्ही गेलात. का नाही सांगितलं? उत्तरं तर मला पाठ झाली होती. दहाच्या दहा.

लाज. दुसरं काही नाही. प्रश्न सांगायचे म्हणजे ते कसे आहेत ते सांगावं लागलं असतं. पोरींनी विचारलं असतं, असले प्रश्न कुणी ठेवले ताई, आणि तू काही बोलली नाहीस? मग ते हसणं सांगावं लागलं असतं. गल्लीतली पहिली संगणक शिकलेली, ऑफिसात ए.सी.त बसणारी ताई मला राहायचं होतं. मनाला समजावलं की बहुतेकींना दुधाचाच प्रश्न येईल. येणार नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं. प्रोग्राम मीच लिहिला होता ना.

आम्रपालीनं फॉर्म भरला आणि धावत आली. मोबाईलवर "धन्यवाद" दाखवत. तिनं त्याचा फोटो काढून ठेवला होता, आईच्या मोबाईलवरही पाठवला होता. "झालं ताई!" म्हणाली. मी म्हणाले, "छान." शेवटी कुठला प्रश्न आला होता, हे तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कचऱ्याची पेटी उघडून बघता आलं असतं. तेही केलं नाही. आता कचरा आपोआप निघत होता, सर खूश होते, मला बढतीचं बोलले होते. महिनाभर मी त्या पेटीकडं फिरकले नाही.

मग यादी लागली.

सकाळी मी ऑफिसला निघाले तर आम्रपाली दारात उभी. मोबाईल हातात. यादी तिनं वरपासून खालपर्यंत किती वेळा वाचली असेल कोण जाणे. रडत नव्हती. तेच मला सहन झालं नाही.

"ताई, माझ्यापेक्षा कमी मार्काच्या पोरी हायेत यादीत. मंग माझं नाव कसं नाय?"

मी म्हणाले, बघते.

"माझंच काय तरी चुकलं असंल ना? कागद कमी पडला असंल. तुमी बघा ना ताई. मी पुन्हा भरून देते."

तिच्या मागं मोहल्ल्यातली नसरीन उभी होती. ती एवढंच म्हणाली, "बाजी, मेरा भी नहीं आया. धन्यवाद तो आया था ना?"

ऑफिसात गेले आणि ती पेटी उघडली. जुगाराच्या, औषधांच्या जाहिराती बाजूला सारत गेले आणि खाली माणसं सापडायला लागली. एक एक नोंद. नाव, गाव, मार्क, आणि शेवटी प्रश्नाला दिलेलं उत्तर. आमच्या भागातल्या तीस पोरींनी फॉर्म भरला होता, त्यातल्या चारच तरल्या होत्या. सव्वीस त्या पेटीत होत्या. बाहेरच्या किती ते मोजायचं माझ्यात बळ राहिलं नाही. वेरूळकडच्या होत्या, पैठणकडच्या होत्या. काही आडनावं तर अशीही होती की सरांच्याच भावकीतली वाटावीत. त्यांच्याही घरी ते सगळं होत नसणार. गरिबाच्या चुलीवर सोळा भाज्या कुठून शिजायच्या?

उत्तरं वाचली. महालक्ष्म्यांच्या प्रश्नाला एकीनं लिहिलं होतं, "एक". एकीनं, "जी मिळेल ती". एकीनं, "गुगल चालत नाही, नंतर सांगितलं तर चालेल का". नसरीनला मुंजीचा प्रश्न आला होता. तिनं लिहिलं होतं, "माहीत नाही, माफ करा".

आम्रपालीची नोंद त्याच पानावर होती. पूर्ण वाक्य लिहिलं होतं तिनं, शाळेत प्रश्नाचं उत्तर लिहावं तसं, शेवटी टिंब देऊन.

"आमच्या घरी महालक्ष्म्या बसवत नाहीत, आम्ही बौद्ध आहोत."

आणि तिच्या नावापुढं माझ्या प्रोग्रामनं नोंद केली होती. रोबोट.

मी तीन वेळा चुकले आणि खोटं बोलून हसले. ही अठरा वर्षांची पोरगी, एकटी, मोबाईलच्या पडद्यासमोर, जे आहे ते लिहून मोकळी झाली. जे मला अख्ख्या ऑफिसासमोर एकदा बोलायचं होतं ते हिनं चौकटीत मावेल एवढ्या अक्षरांत बोलून टाकलं होतं. आणि मी तिला कचऱ्यात टाकलं होतं. माझ्या हातानं.

मग सरांकडं गेले. सगळं सांगितलं. ते मोबाईल बघत ऐकत होते.

"यादी लागली ना? आता काय उपयोग," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी भरतील की. आणि येत नव्हतं तर कुणाला विचारायचं."

"सर, त्या माणसं होत्या आणि आपण त्यांना रोबोट म्हणून टाकलं. संस्थेला कळवायला पाहिजे."

तेव्हा त्यांनी मोबाईल खाली ठेवला. आवाज चढवला नाही. मोठी माणसं चढवत नाहीत. "हे बघ, संस्थेला कळलं तर काम जाईल. तुझंही जाईल. ती पेटी आत्ता कायमची रिकामी कर, आणि विषय संपव. तुम्हा लोकांचं हेच असतं. आपलं म्हणून जवळ घ्यावं तर कुठूनतरी हे काढताच."

तुम्हा लोकांचं. चार वर्षं न विचारलेलं त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

"नाही करणार," मी म्हणाले.

"काय?"

"पेटी रिकामी नाही करणार. आणि सर, त्या दिवशी मला स्वयंपाक येत नाही म्हणाले ते खोटं होतं. आमच्या घरी महालक्ष्म्या बसवत नाहीत. आम्ही बौद्ध आहोत."

आम्रपालीचंच वाक्य. मला स्वतःचं सुचलंसुद्धा नाही, तिचं उसनं घेतलं. ऋतुजा मॅडम बघत होत्या. या वेळी कुणी हसलं नाही. पेटीतली पानं मी प्रिंटरवर काढली. सर मध्ये आले, कागद हिसकायला हात घातला, दोन पानं फाटली. बाकीची मी छातीशी धरली आणि जिना उतरले. माझा डबा आणि छत्री तिथंच राहिली.

वाचणाऱ्याला वाटेल, आता पोरींना न्याय मिळाला असेल. नाही मिळाला. मी त्याच दिवशी पैठण रोडला संस्थेत गेले. तिथल्या बाईंनी पानं चाळली. चांगल्या होत्या बोलायला. म्हणाल्या, वाईट झालं, पण जागा भरल्या, ज्यांचं नाव लागलं त्या पोरींना आता काढायचं का? नाही काढायचं. त्याही गरिबाच्याच.

आम्रपाली आता आईबरोबर वाळूजला जाते. पॅकिंगला. सकाळी सातच्या गाडीला उभी असते, मी बघते. पुढच्या वर्षी फॉर्म भर म्हणाले तर "बघू" म्हणाली. चौथीपासून जिला एकच धोशा होता ती पोरगी "बघू" म्हणते. नसरीनचं लग्न ठरवताहेत. या सगळ्याला उपाय आहे की नाही, मला खरंच माहीत नाही.

रविवारी विहारात मी सगळ्यांना बोलावलं. पोरी आल्या, त्यांच्या आया आल्या, मोहल्ल्यातल्याही आल्या. जयभीम घातला आणि उभं राहून सांगितलं. सरांनी काय केलं ते नंतर, मी काय केलं ते आधी. हसले ते सांगितलं. प्रश्न माहीत असून बोलले नाही ते सांगितलं. माझी माय पुढच्या रांगेत होती, तिनं मान खाली घातली. कुणी पाठीवरून हात फिरवला नाही. आम्रपालीची आई उठली आणि म्हणाली, "तुला तोंड व्हतं ना गं?"

व्हय. होतं.

"मंग आता तरी वापर," ती म्हणाली आणि खाली बसली.

सव्वीस पोरींच्या सह्या घेतल्यात. जोडीला ती पानं आहेत, फाटलेली दोन चिकटवून. मागणी एकच लिहिली आहे, या पोरींसाठी जादा जागा काढा, याच वर्षी. सरांचा दोनदा फोन आला. एकदा गोड बोलले, एकदा म्हणाले की ऑफिसची माहिती चोरली म्हणून केस करीन. करा म्हणाले. कोर्टात ती उत्तरं मोठ्यानं वाचली जातील, एवढंच मला हवंय.

उद्या अकरा वाजता हे सगळं कलेक्टर ऑफिसात द्यायचं आहे. तक्रारीच्या कागदावर "कोणाविरुद्ध" असा एक रकाना आहे. त्यात मी दोन नावं लिहिली आहेत, पत्त्यासकट. दुसरं सरांचं. पहिलं माझं. शिक्का आणि सही मिळाल्याशिवाय तिथून उठणार नाही.